शून्य सोन्यावरचा पहिला आठवडा

‘हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३’ हा १९९९ चा, पाळीपाळीने खेळायचा गेम. यात गाव वाढवायचं आणि फौजेचे नायक, म्हणजे हीरो, नकाशावर फिरवायचे. तो मी अनेक वर्षं ‘नॉर्मल’ या काठिण्यपातळीवरच खेळलो. सुरुवातीलाच २०,००० सोनं हातात असायचं. आधी तटबंदी, मग जादू शिकवणारी मेज गिल्ड, आणि सावकाश बाहेर पडायचं. सर्वांत कठीण ‘इम्पॉसिबल’ निवडलं तेव्हा खालच्या पट्टीत सोनं, लाकूड, ओर (खनिज), सगळं शून्य.

गावातून रोज ५०० सोनं येतं, बस. पहिले चार डाव मी जुन्याच सवयीने वेशीजवळ घुटमळत पैसे साठण्याची वाट पाहिली आणि हरलो. तिसऱ्या आठवड्याच्या आत शत्रूचा हीरो मोठी फौज घेऊन दारात उभा असायचा.

पाचव्या डावात पहिला बदल केला तो नकाशावर पडलेल्या पेटाऱ्यांच्या बाबतीत. पेटारा उघडला की सोनं घ्यायचं की अनुभव, असं विचारतात. मी कायम अनुभव घ्यायचो. आता पहिले तीन दिवस फक्त सोनं. त्यातून २,५०० जमले आणि खरा पेच पडला: टाउन हॉल की दुसरा हीरो? किंमत दोघांची सारखीच. टाउन हॉलमुळे रोजचे ५०० चे १,००० होतात, म्हणजे खर्च पाच दिवसांत फिटतो. दुसरा हीरो मात्र येतानाच थोडी फौज आणतो. ती मुख्य हीरोकडे द्यायची आणि दुसऱ्याने एका शिपायानिशी रस्त्यावरचं लाकूड, ओर वेचत फिरायचं. दोन्ही करून पाहिलं. आसपास वेचण्यासारखं बरंच पडलेलं असेल तर आधी हीरो, हे माझं ठाम मत झालं.

मग उलटी चूक झाली. सहाव्या डावात तीन हीरो चारी दिशांना सोडले आणि रोज एक क्रिस्टल देणाऱ्या खाणीसाठी जवळजवळ सगळे तिरंदाज गमावले. खाण मिळाली, पण सोन्याच्या खाणीवरचा पहारा फोडायला माणूस उरला नाही. रोजचं १,००० सोनं देणारी ती खाण तशीच राहिली. तो डाव मला अजून सलतो.

त्यानंतर मी पहारेकऱ्यांची संख्या बघण्याआधी त्यांचा वेग बघू लागलो. रणांगण १५ घरं रुंद असतं. वॉकिंग डेडचा, म्हणजे चालत्या मुडद्यांचा, वेग ३, म्हणजे ते माझ्यापर्यंत पोचेतोवर तिरंदाजांच्या चार-पाच फैरी होतात. त्यात भालाइतांचे एकेकटे शिपाई फौजेच्या वेगळ्या खणांत ठेवून पुढे उभे केले की शत्रू त्यांच्यातच अडकतो. वीस-पंचवीस वॉकिंग डेड मी असे दोन शिपाई देऊन संपवले. तेवढेच उडणारे, वेगवान ग्रिफिन असते तर मी त्या वाटेला गेलो नसतो. तसंच, दिवसाची चाल ठरते ती सकाळी सोबत असलेल्या सर्वांत मंद सैनिकावर. रात्री मुख्य हीरोकडे फक्त ग्रिफिन ठेवले तर सपाट जमिनीवर जेमतेम एखाद-दुसरं घर जास्त मिळतं, पण कधीकधी पेटारा नेमका त्याच घरात असतो.

आठव्या डावात सातव्या दिवशी संध्याकाळी दुसरा हीरो गावात आणून ठेवला. आठव्या दिवशी आठवड्याची नवी फौज तयार होते. ती विकत घेऊन तोच पुढे निघाला आणि मुख्य हीरोला मागे फिरावंच लागलं नाही. सोन्याची खाण त्याच आठवड्यात हाती आली. पंधराव्या दिवशी शत्रू आला तेव्हा माझ्याकडे टाउन हॉलच्या पुढची पायरी, सिटी हॉल, होता आणि तिरंदाज पन्नासच्या वर. वाचलो, आणि पुढे जिंकलोही.

सध्या तोच नकाशा नेक्रोपोलिस, म्हणजे मृतांचं गाव, घेऊन खेळतोय. तिथे जिंकलेल्या प्रत्येक लढाईतून फौजेला सांगाडे सैनिक म्हणून मिळतात, म्हणून आधी लढाया आणि मग दुसरा हीरो, असा क्रम लावून बघतोय.