टॉमी बर्न्सच्या गल्लीतून लेनॉक्सटाऊनपर्यंत

एडिनबराहून ग्लासगोला रेल्वेने तासाभराच्या आत पोचता येतं. क्वीन स्ट्रीट स्टेशनातून बाहेर पडल्यावर बहुतेक प्रवासी जॉर्ज स्क्वेअरकडे वळतात. मी पूर्वेची वाट धरली, गॅलोगेटची. या रस्त्याच्या अंगाला कॅल्टन नावाची जुनी कामगारवस्ती आहे. तिथे १६ डिसेंबर १९५६ रोजी टॉमी बर्न्सचा जन्म झाला. लाल केसांचा हा डावखुरा मिडफिल्डर ग्लासगोच्या सेल्टिक फुटबॉल क्लबकडून पाचशेहून जास्त सामने खेळला, सहा लीग विजेतेपदांत त्याचा वाटा होता, स्कॉटलंडची जर्सी त्याने आठ वेळा घातली. पण मी इतक्या लांब आलो तो त्याच्या खेळापायी नाही. कोल्हापुरात मी शाळकरी पोरांना फुटबॉल शिकवतो. मोठ्या क्लबचा खेळाडू आणि मॅनेजर राहिलेला माणूस पुन्हा पोरांच्या मैदानावर येऊन उभा राहतो, ही गोष्ट मला कायम ओढ लावत आली आहे.

शनिवार असल्यामुळे बॅरास बाजार भरला होता. जुने कोट, हत्यारं, रेकॉर्ड्स, कुणाच्या तरी घरातून निघालेल्या चिनी मातीच्या बश्या आणि मध्येच हिरव्या-पांढऱ्या मफलरींचा ढीग. एका टपरीवजा कॅफेत चौकोनी सॉसेज घातलेला पाव आणि कडक चहा घेतला. सकाळी गारठ्यात हे खाणं झकास लागतं.

तिथून अ‍ॅबरक्रॉम्बी स्ट्रीट जवळच आहे. या रस्त्यावर एक छोटं कबरस्तान लागतं, ते चुकवू नका. १७८७ मध्ये मजुरी कापल्याच्या निषेधार्थ कॅल्टनच्या विणकरांनी संप केला, तेव्हा सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यात बळी पडलेल्यांच्या स्मृती इथे जपल्या आहेत. आणि त्याच रस्त्यावर सेंट मेरीज चर्च आहे. या चर्चच्या सभागृहात ६ नोव्हेंबर १८८७ रोजी सेल्टिक क्लबची स्थापना झाली. पुढाकार ब्रदर वॉलफ्रिड या आयरिश धर्मबंधूचा. शिक्षक होता तो. दुष्काळामुळे आयर्लंड सोडून आलेल्या कुटुंबांची पोरं उपाशीपोटी शाळेत येत होती. त्यांना जेवण देता यावं, म्हणून सामन्यांच्या तिकिटांतून पैसे उभे करायचे, असा त्याचा बेत होता. युरोपात इतक्या मोठ्या नावारूपाला आलेला क्लब मुळात पोरांच्या ताटासाठी निघाला, हे वाचून माहीत होतं. पण त्या चर्चच्या पायरीवर बसल्यावर ते जास्त खरं वाटलं.

बर्न्स याच परिसरात वाढला. दाराशी एक वृद्ध गृहस्थ भेटले. भारतातून टॉमीसाठी आलोय म्हटल्यावर त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. त्यांनी त्याच्या गोलांबद्दल चकार शब्द काढला नाही. तो रस्त्यात भेटला की घाई करायचा नाही, घरच्यांची चौकशी करायचा, एवढंच सांगितलं.

सेल्टिक पार्क इथून चालत गाठता येतं. मैदानापुढच्या रुंद वाटेवर पुतळे आहेत: बसलेला वॉलफ्रिड, खेळाडू जिमी जॉन्स्टन, मॅनेजर जॉक स्टीन आणि कप उंचावलेला कर्णधार बिली मॅकनील. १९६७ मध्ये लिस्बनला इंटर मिलानला हरवून युरोपियन कप जिंकणारा तो संघ या तिघांचा. त्यातला प्रत्येक खेळाडू या मैदानापासून तीस मैलांच्या आत जन्मलेला होता. कोल्हापूरकराला हे कळायला वेळ लागत नाही. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ म्हटलं की आमच्याकडेही आधी पेठ आठवते आणि मग संघ.

स्टेडियमची टूर घेतली, पण माझं चित्त उत्तरेकडच्या बाजूला होतं. आज तिथे खुर्च्यांचा उंच स्टँड आहे. पूर्वी तिथे ‘जंगल’ होतं, उभ्याने सामना बघणाऱ्या कट्टर चाहत्यांची जागा. डिसेंबर १९८९ मध्ये आयॅक्सविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात बर्न्स सेल्टिककडून शेवटचं खेळला आणि मैदान सोडताना त्याने आपले बूट जंगलातल्या लोकांकडे फेकून दिले. मग तो किल्मार्नकला गेला, तिथेच मॅनेजर झाला आणि १९९३ मध्ये त्याने तो क्लब वरच्या श्रेणीत आणला.

१९९४ ते १९९७ तो सेल्टिकचा मॅनेजर होता. या तीन वर्षांवरून त्याला अपयशी म्हणणारे आजही भेटतात. मला ते मान्य नाही. पहिल्या हंगामात तर स्टेडियमचं बांधकाम चालू असल्यामुळे घरचे सामनेसुद्धा हॅम्पडेन या दुसऱ्या स्टेडियमवर खेळावे लागले. तरी १९९५ चा स्कॉटिश कप त्याने जिंकून दिला, सहा वर्षांतला क्लबचा पहिला करंडक. पुढच्या हंगामात ३६ लीग सामन्यांपैकी त्याचा संघ फक्त एक हरला! पण अकरा बरोबरीत सुटले आणि ८३ विरुद्ध ८७ गुणांनी रेंजर्सने, म्हणजे ग्लासगोतल्याच कट्टर प्रतिस्पर्धी क्लबने, लीग नेली. व्हॅन होयडाँक, कडेटे, दी कानिओ यांना घेऊन उभा केलेला तो संघ फार देखणा खेळायचा. रेंजर्सच्या सलग विजेतेपदांची माळ मात्र तुटली नाही आणि बर्न्सला जावं लागलं.

न्यूकॅसल आणि रेडिंग या इंग्लंडमधल्या क्लबांत काम करून तो परत आला, तो सेल्टिकच्या युवा विभागाचं काम बघायला. त्याच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम मला हेच वाटतं. मॅनेजरला शनिवारचा निकाल दिसतो. पोरांच्या कोचला दहा वर्षांचा मुलगा विशीत कसा खेळेल हे डोळ्यांपुढे ठेवावं लागतं, आणि त्या मुलाने पहिल्या संघात पाऊल टाकलं की टाळ्या दुसऱ्याच कुणाला तरी मिळतात. एडन मॅकगीडी, शॉन मलोनी अशी पोरं त्या काळात युवा संघांतून वर आली. तरी क्लबची सरावाची जागा बॅरोफिल्डचीच होती. खेळाडू स्टेडियमवर कपडे बदलायचे आणि तिथे सरावाला जायचे. पोरांना चांगलं मैदान, चांगली जागा मिळाली पाहिजे हा आग्रह बर्न्सने धरून ठेवला. ऑक्टोबर २००७ मध्ये ग्लासगोबाहेर लेनॉक्सटाऊनला क्लबचं सराव केंद्र सुरू झालं, त्यात या आग्रहाचा मोठा वाटा होता.

दुसऱ्या दिवशी बुकॅनन बसस्थानकावरून लेनॉक्सटाऊनची बस पकडली. शहर संपलं की कॅम्पसी टेकड्या समोर येतात. हिरव्या, बोडक्या, माथ्यावर ढग टेकलेले. सराव केंद्र उभं आहे ती जागा पूर्वी लेनॉक्स कॅसल हॉस्पिटलची. मतिमंद ठरवलेल्या माणसांना वर्षानुवर्षं जगापासून दूर ठेवणारं ते अवाढव्य हॉस्पिटल २००२ मध्ये बंद झालं. ज्या जागेत माणसांना कोंडलं जायचं तिथे आता पोरं धावतात, याचा मला मनापासून आनंद झाला. केंद्रात बाहेरच्यांना प्रवेश नाही. जुन्या रेल्वेमार्गावर केलेल्या पायवाटेने भरपूर चाललो आणि परत फिरलो.

वाटेत एका सार्वजनिक मैदानावर आठ-नऊ वर्षांच्या पोरांचा सराव चालू होता. पाऊस आडवा येत होता, पोरांनी हाताचे पंजे बाह्यांत ओढून घेतले होते. कोच तरुण मुलगी होती. अर्धा तास तिने एकच गोष्ट घेतली: पास येण्याआधी मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं, आणि मगच चेंडू पायावर घ्यायचा, तोही मोकळ्या जागेकडे वळत. जो बघायचा विसरला त्याला ती ओरडली नाही, चेंडू परत देऊन पुन्हा करायला लावलं. एक बुटका मुलगा सारखा चुकत होता. शेवटी त्याने मागे बघितलं, अंगावर आलेल्याला डाव्या पायाने हुलकावणी दिली आणि निघाला. तिने दोन्ही हात वर केले. गोल झाला की नाही याकडे तिचं लक्षही नव्हतं.

हेडिंग, म्हणजे डोक्याने चेंडू मारणं, मात्र अजिबात नव्हतं. २०२० पासून स्कॉटलंडमध्ये बारा वर्षांखालच्या मुलांना सरावात हेडिंग शिकवत नाहीत. ग्लासगो विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासात माजी व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांनी मरण्याचं प्रमाण साडेतीनपट आढळलं, त्यानंतर हा निर्णय झाला. लहान पोरांच्या सरावात हा नियम आपण आजपासून पाळू शकतो. त्याला ना पैसे लागतात ना मैदान.

बर्न्सला लेनॉक्सटाऊनची फळं बघायला मिळाली नाहीत. त्वचेच्या कर्करोगाने १५ मे २००८ रोजी तो गेला, वय अवघं ५१. अंत्यसंस्कार सेंट मेरीजमध्येच झाले आणि शवपेटीला खांदा देणाऱ्यांत रेंजर्सचे वॉल्टर स्मिथ आणि अ‍ॅली मॅकॉइस्ट होते. त्या शहरातलं वैर ज्याला माहीत आहे, त्याला याचं मोल सांगावं लागत नाही. आठवड्याने सेल्टिकने डंडीत लीग जिंकली. पुढे युवा संघांतून जेम्स फॉरेस्ट आला, कॅलम मॅकग्रेगर आला आणि क्लबचा कर्णधार झाला, कीरन टिअर्नी आला.

जाणाऱ्यांसाठी: बॅरास फक्त शनिवार-रविवार भरतो. स्टेडियमची टूर आधी बुक करा, सामन्यांच्या दिवशी वेळा बदलतात. लेनॉक्सटाऊनला जाताना रेनकोट आणि चालायचे बूट हवेतच. माझं किल्मार्नक क्लबचं मैदान, रग्बी पार्क, राहिलं, तिकडे पुढच्या वेळी.