गुरुवारची तेलाची वाटी

नरकचतुर्दशीला पहाटे तेल-उटणं लावून घ्यायचं की पुढच्या दिवाळीपर्यंत अंगाला तेलाचं बोट नाही. आमच्या घरी अभ्यंगाचा हिशेब एवढाच होता. आता माझी दिवाळी दर गुरुवारी असते, दुपारी तीन वाजता.

मी इंदूरला रामबागेत राहते, घरी ब्लाऊज शिवते. तीस वर्षं मान खाली आणि उजवा खांदा पुढे. लग्नसराईत अस्तराचे ब्लाऊज आले की रात्री कूस बदलताना कळ निघायची. गेल्या वर्षी लेक बाळंतपणाला आली, तेव्हा तिला आणि बाळाला तेल लावायला एक मावशी यायच्या. लेक पुण्याला परतली, तरी दुसऱ्या दिवशी मावशी सवयीने दारात! माझ्याकडे बघून म्हणाल्या, "अब तुम लेट जाओ बाई, कंधा तो लकड़ी हो गया."

तिळाच्या तेलाची वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करायची, उन्हाळ्यात खोबरेल. आधी तळहाताने अख्खी पाठ सावकाश, मग गाठीवर अंगठा. मी श्वास धरून ठेवला की लगेच, "साँस मत रोको." सुरुवातीला माझ्या डोक्यात हुक-काजच चाललेले असतात. मग कधीतरी जाणवतं, की बराच वेळ आपण कशाचाच विचार केलेला नाही.

खरं सांगते, खांदा बरा झालेला नाही. आराम दोन-तीन दिवस पुरतो. पण गुरुवारी रात्री मी आडवी पडते ती थेट पहाटे उठते. फिजिओथेरपिस्टबाई म्हणाल्या, संथ, एकसारख्या दाबाने स्नायू सैलावतात, श्वास आणि नाडी मंदावते. पण स्नायूंना ताकद मालिशने येत नाही. त्यामुळे खांद्याचे व्यायाम करते, अर्ध्या तासाने मशीनवरून उठते. (उठते म्हणजे, आठवलं तर.)

मध्ये एकदा पुतणीच्या आग्रहाने एका पार्लरमध्ये गेले. त्या मुलीने इतकं रगडलं की पाठीवर निळे डाग. वर सांगते काय, शरीरातली विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत! अगं, त्या कामाला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. निळा डाग म्हणजे कातडीखाली फुटलेली बारीक रक्तवाहिनी.

मावशी शाळेत गेलेल्या नाहीत, पण हात कुठे लावायचा नाही हे त्यांना पक्कं ठाऊक. अंगात ताप असला की त्या परत जातात. शेजारच्या काकूंची एकच पोटरी सुजून गरम झाली होती. "जरा चोळून द्या," म्हणाल्या. मावशींनी बोट लावलं नाही, "पहले डॉक्टर." सोनोग्राफीत शिरेत गुठळी निघाली. चोळताना ती सुटून फुफ्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं.

काकूंच्या रक्त पातळ करायच्या गोळ्या परवाच थांबल्या, डॉक्टरांनी हलक्या हाताने तेल लावायला परवानगी दिलीय. आता त्यांनाही मावशी हव्यात. म्हटलं, खुशाल बोलवा, पण गुरुवार सोडून.