उजव्या हाताला मैया

ओंकारेश्वरला नर्मदामैयाच्या परिक्रमेचा संकल्प सोडला, कढई म्हणजे शिऱ्याचा नैवेद्य झाला, बाटलीत जल भरून घेतलं आणि दक्षिण तटाने पश्चिमेकडे निघालो. समोर बेटावर ज्योतिर्लिंगाचा कळस दिसतो, पण मधे मैयाची धार आहे, ती परिक्रमेत ओलांडायची नाही. ममलेश्वराला माथा टेकायचा आणि चालू लागायचं.

पाठीवर सात-आठ किलोच्या वर ओझं नको. आसन, पातळ पांघरूण, कपड्यांचे दोन जोड, ताटली, पेला, सुई-दोरा, बॅटरी, कमंडलू, काठी. बाकीचं सदाव्रतात, म्हणजे परिक्रमावासींना फुकट मिळणाऱ्या शिध्यात, मिळतं. ‘कितनी मूर्ती?’ म्हणजे किती जण, असं कुणी विचारलं की आकडा नेमका सांगावा, त्यावरच पीठ मोजलं जातं. आश्रमात उजेडी पोचावं. ओली लाकडं पेटेपर्यंत अंधार पडतो आणि कच्ची राहिलेली बाटी दुसऱ्या दिवशी पोटात बसते.

बडवानी मागे पडली की शूलपाणीची झाडी. नावाला झाडी, खूपशा टेकड्या आता बोडक्या आहेत. जुनी काठाकाठाची वाट सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली, म्हणून डोंगरावरून चढ-उतार करत जावं लागतं. चढापेक्षा उतार वाईट. पाऊल बुटात पुढे सरकतं, चवड्याखाली कातडी घासते, घामाने मोजा भिजलेला असतो आणि तासाभरात फोड टरारतो. माझा डाव्या चवड्याखाली रुपयाएवढा आला. त्या दुपारी मैया दिसतही नव्हती. नाम तोंडात होतं आणि मनात नुसता संताप.

एका झोपडीपुढे म्हातारे मामा बसले होते. काही न विचारता त्यांनी चुलीवर पाणी ठेवलं, मीठ टाकलं. पाय त्यात बराच वेळ ठेवायला लावला. मग माझीच सुई मागून जाळावर लाल केली, निवू दिली आणि फोडाच्या मध्यावर न टोचता कडेला, खालच्या अंगाला दोन बारीक भोकं पाडली. कापडाने हळूहळू दाबून पाणी काढलं. वरची कातडी मी ओढायला गेलो तर माझा हात बाजूला केला. ती कातडी म्हणजेच पट्टी. ती काढली की खालचं लाल मांस उघडं पडतं आणि चालणं थांबतं. नंतर ते आत जाऊन तुटकी रबरी चप्पल घेऊन आले. विळ्याने तिचा एक तुकडा कापला, मधे फोडाहून थोडं मोठं भोक पाडलं आणि कडा दगडावर घासून पातळ केल्या. ती चकती फोडाभोवती बसवली, फडक्याने बांधली. आता भार कडेवर पडत होता, फोड भोकात मोकळा होता. उठून चार पावलं टाकायला लावली, चकती सरकली, पुन्हा बांधली. निघताना पाया पडू लागलो तर मागे सरले. म्हणाले, ‘नर्मदे हर, बाबाजी. उतारावर तिरपं चाल.’ ती चकती घालून मी धडगावच्याही पुढे गेलो.

गोऱ्याला नव्या देवळातल्या शूलपाणेश्वराचं दर्शन झालं. मग काठपोर, जिथून मैया सागराला मिळते तिथून नावेने उत्तर तटावर जायचं.

इथे घड्याळ भरतीचं. भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे नाव कधी पहाटे, कधी भर मध्यरात्री सुटते. ओहोटीला ती चिखलात टेकलेली असते. पाणी चढून तिला उचलेपर्यंत कुणीही काही करू शकत नाही. चढायला चिखलातून जावं लागतं. चपला हातात घ्याव्यात, नाहीतर चिखल त्या ठेवून घेतो. बाटली अंगाशी, कागद प्लास्टिकमध्ये. आधी लघवीला जाऊन यावं, पुढचे तीन-चार तास सोय नाही. मळमळणाऱ्याने मधे बसावं. टोकाला हेलकावा जास्त.

आमच्या नावेत जागेवरून जुंपली. एक जण मोबाइलवर मोठ्याने बोलत होता, एकाची पिशवी माझ्या गुडघ्यावर. मी वैतागून वळलो तेवढ्यात कुणीतरी ‘नर्मदे हर’ म्हटलं आणि सगळी नाव गर्जली. बाटलीतलं थोडं जल सागराला दिलं, तिथलं भरून घेतलं. मला रडू आवरेना.

उत्तर तटावर नारेश्वर, गरुडेश्वरी टेंबे स्वामींची समाधी, महेश्वर, नेमावर, भेडाघाट. मग अमरकंटकला, मैयाच्या उगमाशी, वळण आणि पुन्हा दक्षिण तट. दिवसांचा हिशेब राहिला नाही. ओंकारेश्वराला जल चढवून, कन्याभोजन घालून खंडव्याहून भुसावळची गाडी धरली.

तापीकाठच्या आमच्या वावरात वैशाखातली वखरणी चालू होती. उरलेल्या जलातलं थोडं विहिरीत घातलं. संध्याकाळी दादाबरोबर बांधाने फिरलो. उताराच्या कोपऱ्यात घळ पडली होती, नेमकी जिथून गुरं खाली उतरतात तिथे. मैयाच्या उपनद्यांच्या काठी हेच वारंवार दिसलं होतं. गुरांच्या खुरांनी गवत जातं, माती भुसभुशीत होते आणि पहिला जोराचा पाऊस तीच वाट धरतो. दादा दरवर्षी तिथे माती टाकायचा, ती दरवर्षी वाहून जायची.

‘दादा, आधी गुरांची वाट हलवू,’ मी म्हटलं. तो जरा वेळ घळीकडे बघत राहिला. मग म्हणाला, ‘नांगरटीत निघालेले दगड पडलेत वरच्या बांधाला.’

दुसऱ्या दिवशी लागलो. वाट कठीण मुरमावरून फिरवली. घळीच्या तळाशी मोठे दगड जमिनीत वीतभर गाडले, वर लहान रचले, मधला भाग कडांपेक्षा खाली ठेवला म्हणजे पाणी मधूनच उतरेल. कडांना घायपात लावायचा, तो मृगाचा पाऊस झाल्यावर.