चोवीस की सत्तावीस? बोटीच्या सर्व्हेचा माझा अनुभव

आमची बोट दिवाळे कोळीवाड्यात लागते. लाकडी बोट, २४ प्रवासी आणि आम्ही तिघे: तांडेल म्हणजे बोट चालवणारा माझा काका, इंजिनावर चुलतभाऊ, दोर-नांगर माझ्याकडे. खाडीत फेऱ्या मारतो, सुट्टीला घारापुरी. पावसाळ्यात बोट शाकारून वर ओढलेली असते, नारळी पौर्णिमेच्या उधाणाला खाली उतरते. त्याआधी तिच्या तळाचा सर्व्हे, म्हणजे सरकारी तपासणी, व्हायला हवा, उतरल्यावर पाण्यातला. दोन्ही झाल्याशिवाय सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नसेल तर एकही प्रवासी घ्यायचा नाही.

अर्ज, फी, फोटो दोन दिवसांत आटोपलं.

अडकलं ते एका आकड्यावर. विम्याच्या कागदावर ‘एकूण व्यक्ती २४’ छापलेलं आणि आमच्या अर्जात प्रवासी २४, खलाशी ३. अर्ज घेणाऱ्या कार्यालयातल्या खिडकीवरच्या बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, पेनाने २४ वर गोल केला आणि फाईल परत सरकवली. त्यांचं बरोबर होतं. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट आला, त्यात विमा सक्तीचा आहे, आणि बोटीवर सत्तावीस माणसं असताना विमा चोवीस जणांचा कसा चालेल? आकडा दुरुस्त करून आणायला नऊ दिवस गेले.

परत गेलो तर म्हणाल्या, रजिस्ट्रेशनवर तुमच्या वडिलांचं पूर्ण नाव आहे, आधारवर नुसतं आद्याक्षर. प्रतिज्ञापत्र केलं. तिसऱ्या खेपेला इंजिनाचा नंबर फोटोत नीट दिसेना. नंबरावरचं ऑइल पुसून नवा फोटो काढला, चौथ्यांदा गेलो. या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी त्या फाईलमध्ये होत्या. त्या दिवशीच सगळं एका कागदावर लिहून दिलं असतं तर एका आठवड्यात काम झालं असतं. हा राग माझा अजून गेलेला नाही.

बाईंना मी सांगून पाहिलं, “मॅडम, पौर्णिमा गेली की अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती. पाणी आमच्या बोटीपर्यंत चढतच नाही, मग अमावस्येपर्यंत थांबावं लागतं.” त्या म्हणाल्या, “जी तारीख मिळेल तीच घ्या.” तळाच्या सर्व्हेची तारीख मिळाली नारळी पौर्णिमेनंतर चौथ्या दिवसाची.

पौर्णिमेला सगळा कोळीवाडा वाजतगाजत नारळ घेऊन धक्क्यावर गेला. भरतीचं पाणी आमच्या बोटीच्या सुकाणूला लागलं, खालचे ओंडके भिजले आणि तासाभरात ओहोटी लागली. आई हळदकुंकवाचं ताट घेऊन तिथेच उभी होती. बोट उतरली ती पिठोरी अमावस्येला. लगेच गणपती आले, पाण्यातला सर्व्हे विसर्जनानंतर झाला. सुट्टीतल्या ठरलेल्या चार फेऱ्या रद्द केल्या, इसार परत दिला.

म्हणून सांगतो, आधी कॅलेंडरात पौर्णिमा-अमावस्या बघा आणि जूनमध्येच अर्ज करा. विमा काढताना प्रवासी वेगळे, खलाशी वेगळे आणि बेरीज वेगळी लिहून घ्या. फाईल परत आली तर “अजून काय काय कमी आहे ते लिहून द्या” म्हणून तिथेच उभे राहा. मी चौथ्या खेपेला तसं केलं, आणि त्यांनी लिहून दिलं.

सर्व्हेअर साहेबांविषयी मात्र माझी तक्रार नाही. जॅकेटं मी धुऊन, मोजून रचून ठेवली होती: मोठी २७, मुलांची ४. त्यांनी वरचं एकही घेतलं नाही. ढिगात तळाशी हात घालून एक ओढलं, पट्टा मुठीत धरून हिसका दिला. शिवण टर्रकन उसवली, पट्टा त्यांच्या हातात राहिला. नारिंगी कापड वरून नव्यासारखं होतं, आतला दोरा खाऱ्या पाण्याने पिठूळ झालेला. तशी सात निघाली. पाण्यात पडलेल्या माणसाच्या अंगावरून ती निसटली असती. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ला नौदलाच्या स्पीडबोटीची धडक बसली, १५ जण गेले. तेव्हापासून आमच्याकडे धक्क्यावर जॅकेट घालूनच फळीवर पाय ठेवायचा, हे काकाने ठरवलंय. आणि आमच्याच ढिगात ही सात होती. आता दर महिन्याला मी एकेक पट्टा स्वतः ओढून बघतो. जॅकेटं बाकाखालच्या ओलीत कोंबू नका, फेरी संपली की सावलीत वाळवा.

अजून एक राहिलं. आग विझवायच्या सिलिंडरची भरल्याची तारीख आणि तांडेल-ड्रायव्हरच्या सर्टिफिकेटची मुदत अर्जाआधीच बघून घ्या. बोटीतलं पाणी उपसायचा पंप सर्व्हेच्या दिवशी पहिल्यांदा चालू करू नका.

सर्टिफिकेट आता चढायच्या जागी काचेच्या चौकटीत लावलंय, शेजारी पिवळ्या रंगात ‘प्रवासी २४’. त्यानंतरच्या पहिल्याच रविवारी उलव्याचं एक कुटुंब आलं, सव्वीस जण. “दोघं तर जास्त, दादा, घ्या ना,” म्हणाले. काकाने त्या पिवळ्या आकड्याकडे बोट दाखवलं. त्यांचे दोन मेहुणे धक्क्यावर थांबले आणि पुढच्या फेरीला आले.