पिकपला चिप टाकायची का, आणि टाकायची तर कोणती

टोमॅटोचा सीझन जवळ आला की आपल्याकडे पिकपवाल्यांचा एकच विषय सुरू होतो, गाडी लोडमध्ये उचलत नाही, चिप टाकू का. चिप म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला चकवून नाहीतर त्याचा प्रोग्राम बदलून पॉवर वाढवायचा उपाय. यंदा मामेभावाने धरलं. त्याची बीएस फोर (बीएस म्हणजे सरकारचे धुराचे नियम, थ्री जुने, सिक्स नवे) बोलेरो पिकप आहे, नाशिकजवळच्या गिरणाऱ्यावरून कॅरेट भरून वाशीला जाते, आणि कुणीतरी त्याला व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवलेला की पाचशे रुपयाचं डबडं सॉकेटमध्ये खोचा, पॉवर पण वाढते आणि ॲव्हरेज पण. दादा, खरं असतं का हे, असं विचारत होता.

ते पाचशेवालं तर आधी बाजूला ठेवा. स्कॅनरच्या सॉकेटमध्ये बसवायचं ते जे असतं ना, त्यातली बरीचशी फक्त लाईट लुकलुकवतात, इंजिनच्या कॉम्प्युटरशी बोलायची सोयच त्यांच्यात नसते. आणि ज्यांची गाडी जुनी बीएस थ्री, मेकॅनिकल पंपवाली आहे त्यांनी तर हा विषयच सोडा भो, तिथं चिप जोडायला जागाच नाही, पंप आणि नोझल चांगल्या मेस्त्रीकडून चेक करून घ्या तेवढं पुरे.

खरी चिप म्हणजे दोन प्रकार. एक बॉक्स, दुसरं रिमॅप.

बॉक्स रेल प्रेशर सेन्सरच्या वायरीत मध्ये बसतो. कॉमन रेलवर, म्हणजे पंप ज्या नळीत डिझेल दाबून भरतो आणि जिथून ते नोझलला जातं तिच्यावर, तीन पिनचा सेन्सर असतो, तो कॉम्प्युटरला व्होल्टेजमध्ये सांगतो की रेलमध्ये डिझेलचं प्रेशर किती आहे. बॉक्स ते व्होल्टेज थोडं खाली पाडून पुढे देतो, वजनकाट्यात मारतात ना तसं. कॉम्प्युटरला वाटतं प्रेशर कमी पडलं, मग तो पंपाला वाढवायला लावतो, नोझल उघडं राहायचा वेळ तोच, पण प्रेशर जास्त म्हणून डिझेल जास्त जातं. आता यात एक गोम आहे, प्रेशर २० टक्के वाढवलं म्हणून डिझेल २० टक्के वाढत नाही, साधारण ९-१० टक्केच वाढतं, कारण प्रवाह प्रेशरच्या वर्गमुळाच्या हिशोबाने चालतो. म्हणून जो विकणारा नुसत्या रेलच्या बॉक्सवर चाळीस टक्के पॉवर सांगतो त्याला नमस्कार करून निघायचं.

आणि दुसरी गंमत, कॉम्प्युटर फसलेला असल्यामुळे डॅशबोर्डवरचं ॲव्हरेज पण चुकीचं दिसतं, चांगलं दिसतं! त्याच्या हिशोबाने डिझेल कमीच गेलंय. लोक तोच आकडा दाखवत फिरतात. टाकी फुल्ल करा, चालवा, परत त्याच पंपावर फुल्ल करा आणि भागाकार करा, दुसरं काही मानू नका.

रिमॅप म्हणजे कॉम्प्युटरमधला प्रोग्रामच बदलायचा. डिझेल किती, कधी मारायचं, टर्बोचा बूस्ट (इंजिनात दाबून भरलेली हवा) किती, धूर होऊ नये म्हणून कंपनीने घातलेली मर्यादा, सगळं एकमेकांना धरून बदलता येतं, म्हणून चांगल्या हाताने केलेलं रिमॅप बॉक्सपेक्षा सरस, यात मला शंका नाही. अडचण त्या हाताची आहे. एकच फाईल दहा गाड्यांत ओतणारे पण आहेत, त्यामुळे विचारायचं की माझी मूळ फाईल वाचून जपून ठेवणार का, परत टाकून देणार का, आणि डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) आधीचा न् नंतरचा ग्राफ देणार का. तोंडाकडे बघूनच कळतं.

पण मामेभावाला मी विचारलं ते वेगळंच, तुला पॉवर नेमकी कुठं कमी पडते? तो म्हणे कसारा घाटात. अरे पण भरलेली गाडी कसारा उतरते, चढते ती येताना, आणि येताना बऱ्याचदा रिकामी नाहीतर थोडंफार रिटर्न भाडं! शिवाय समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून घाट टाळायची सोय पण झाली, टोल परवडत असेल तर. ज्याला भरलेली गाडी घेऊन घाट चढायचा असतो त्याची गोष्ट वेगळी, त्याला लोडमध्ये खरंच ओढ लागते.

परत मालवाहू पिकपला ८० चा स्पीड गव्हर्नर, म्हणजे ताशी ८० किलोमीटरच्या वर गाडी जाऊच देत नाही. म्हणजे वरच्या आरपीएमची पॉवर तुमच्या काही कामाची नाही, पाहिजे ते पंधराशे ते बावीसशेच्या मधलं ओढणं. तिथं टॉर्क वाढवला की पहिली बोंब क्लच प्लेट मारते. आणि १.७ टन पासिंगच्या (म्हणजे तेवढाच माल भरायची परवानगी असलेल्या) गाडीत वीस किलोचे कॅरेट धरले तर पंच्याऐंशी बसतात, तेही रिकाम्या कॅरेटचं वजन न धरता, हा पठ्ठ्या भरतो किती ते इथं लिहीत नाही. त्यावर चिप हे औषध नाही.

मग त्याची गाडी बघितली. इंटरकूलरचा (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीचा) होस पाईप क्लिपपाशी तेलकट, हात लावला तर बोटाला काळं, म्हणजे बूस्ट तिथूनच बाहेर जात होता. एअर फिल्टर झटकला तर अर्धं गिरणारे खाली पडलं. अशा गाडीवर चिप टाकली असती तर डिझेल वाढलं असतं आणि हवा नाही, म्हणजे नुसता काळा धूर, एक्झॉस्ट तापणार, आणि ती सगळी आग पहिली टर्बोवर जाणार.

बीएस सिक्सवाल्यांना माझं स्पष्ट मत, नका लावू. धूर बाहेर दिसत नाही म्हणून खूश होऊ नका, ती काजळी डीपीएफमध्ये, म्हणजे एक्झॉस्टमधल्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये, साठते आणि तो चोक झाला की बिल बघून घाम फुटतो. वॉरंटी जाते ती वेगळीच. कायद्याचं पण ऐकून ठेवा, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनपेक्षा वेगळं करायला मनाई आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली मालकाला एका बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बॉक्सवाले सांगतात आरटीओच्या फिटनेस तपासणीआधी काढून ठेवा. काढता येतो हे खरं, पण गाडीवर असताना अपघात झाला आणि विम्याच्या सर्व्हेअरने बघितला तर काय, ते कोणी सांगत नाही.

एवढं ऐकूनही ज्याला बीएस फोरवर टाकायचीच आहे त्याने रेल आणि बूस्ट दोन्ही सेन्सर बघणारा बॉक्स घ्यावा, सेटिंग सगळ्यात खालच्या पायरीवर, आणि ट्रायल रिकाम्या गाडीवर नाशिकच्या गंगापूर रोडला नाही मारायची. पासिंगएवढा माल भरून चढावर न्या, मागे बाईकवर कोणाला तरी ठेवा धूर बघायला, आणि आरपीएम चढतोय पण गाडी चढत नाही असं वाटलं की तिथंच समजा क्लच सरकतोय, बॉक्स काढा आणि विकणाऱ्याला परत द्या. परत घेणार का ते पैसे देण्याआधी बिलावर लिहून घ्या.