फुलायचा टाइम फुलालाच माहीत

आमच्या घरी भिंतीवर घड्याळ आहे, सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे, पण आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई दुपारचा चहा अजूनही गुलबाक्षी पाहूनच मांडतात. न्हाणीच्या बाजूला गुलबाक्षीचं बेट आहे, तिच्या कळ्या उकलायला लागल्या की चार वाजले समजायचं. मी लग्न होऊन आली तेव्हा मला हे काही खरं वाटलं नव्हतं, तीन दिवस मोबाइल घेऊन तिच्याजवळ उभी राहिली, तर चार-सव्वाचारच्या आतबाहेरच उघडायची, आभाळ भरलेलं असलं तर जराशी आधी. आत्याबाई म्हणे, "पोरी, फुलाले घड्याय लागत नाही वं."

तिथूनच मला फुलांचं वेड लागलं. माहेरी आमच्या दोन खोल्या, एक तुळस सोडली तर काही लावायला जागाच नव्हती. इथे दारव्हा तालुक्यातल्या ह्या गावात घरामागे चांगली वाडी आहे, तुराट्यांचं कुंपण आहे आणि न्हाणीचं पाणी वाहून जातं ते सगळं मी नाली काढून फुलझाडांकडे वळवलं आहे. माती मात्र कापसाची काळी, पावसाळ्यात चिखल धरून बसते आणि मुळं सडतात, मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून मी नाल्याची रेती आणि उकिरड्यातलं कुजलेलं शेणखत मिसळून उंच वरंबे केले. पहिल्या पावसाळ्यात सहा झाडं गेली तेव्हा हे सुचलं. त्यातला एक गुलाब अजून आठवला की वाईट वाटतं.

उन्हाळा म्हणजे मोगरा. आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो, दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही, आणि नेमका त्याच दिवसात मोगरा भरभरून येतो. पण त्याची तयारी जानेवारीत करावी लागते, पाणी तोडायचं, पानं झडू द्यायची, मग छाटून खत द्यायचं आणि फेब्रुवारीपासून पुन्हा पाणी सुरू करायचं. छाटताना जीव होत नाही, हिरव्यागार झाडाला कात्री लावायची म्हणजे! पण जो कापत नाही त्याच्याकडे पानंच पानं येतात. संध्याकाळी पाचला टपोऱ्या पांढऱ्या कळ्या तोडून ओल्या फडक्यात ठेवायच्या, जेवणं होईपर्यंत उमलतात आणि अंगणात खाटा टाकल्या की तो वास डोक्याशी येतो. दिवसभराचं ऊन विसरायला होतं, खरंच.

गुलबाक्षी भुलाबाईच्या दिवसात सगळ्यात जास्त असते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत गल्लीतल्या पोरी शाळेतून आल्या की दप्तर फेकून सरळ वाडीत शिरतात. गुलबाक्षीची नळी लांब असते ना, त्यामुळे सुई-दोरा न घेता नुसत्या नळ्या एकमेकींत गुंफून वेणी होते. रात्री गाणी म्हणताना प्रत्येकीच्या केसात गुलाबी-पिवळी वेणी असते. सकाळी ती मलूल होते, पण संध्याकाळी पुन्हा नवी फुलं तयार. अंधार पडला की मोठे पतंग येतात तिच्यावर, लांब सोंड घालून हवेतल्या हवेत थांबून मध पितात, आमच्या मुलीला तो पक्षीच वाटायचा.

पण मला खरं सांगायचं आहे ते शेवंतीचं.

दोन वर्षांआधी गणपतीच्या तोंडावर आमच्या घराच्या कोपऱ्यावरच्या खांबावर एलईडी लाइट लागला. आम्हाला आनंदच झाला, रात्री साप-विंचवाची भीती असते. माझ्या पिवळ्या शेवंतीच्या दोन ओळी होत्या, एक भिंतीच्या आडोशाला आणि एक रस्त्याकडे. दोन्ही एकाच दिवशी लावलेल्या, दोघींचे शेंडे एकाच दिवशी खुडलेले, खत सारखं, पाणी सारखं. दिवाळी आली तर भिंतीकडची ओळ कळ्यांनी लगडलेली आणि रस्त्याकडची नुसती उंच उंच वाढत चाललेली, एक कळी नाही. मी वेड्यासारखं तिला अजून खत घालत राहिली, माव्याचं औषधही मारलं, काही नाही.

मग तालुक्याला बाजाराला गेली तेव्हा नर्सरीवाल्या दादांना फोटो दाखवला. त्यांनी फोटो नीट पाहिलाही नाही, एवढंच विचारलं, "ताई, रात्री लाइट पडते काय तिच्यावर?"

शेवंती रात्र मोजते म्हणे. पावसाळा सरला की रात्री मोठ्या होत जातात, ती लांब सलग काळोखी रात्र पानांना कळली की मगच झाड कळी धरतं. मध्ये उजेड आला की तिच्यासाठी अजून लहान रात्रीचेच दिवस चालू असतात, ती पानं वाढवत बसते. माझी शेवंती आजारी नव्हती, तिची रात्रच होत नव्हती! हे ऐकून मला रडायलाच आलं, बाजारात उभ्या उभ्या.

दिवाळी झाल्यावर मी तुराट्या रोवून मांडव केला आणि रोज दिवेलागणीला त्यावर बारदाना टाकायला लागली, दुहेरी, कारण खताच्या पांढऱ्या पोत्यातून उजेड आत जातो. सकाळी सडा टाकून झाला की काढायचा. एक दिवस विसरली नाही, ताप होता तेव्हा मुलीने टाकला. गल्लीतले लोक विचारत, "झाडाले थंडी वाजते काय वो?" तीनेक आठवड्यांनी शेंड्यात ज्वारीच्या दाण्याएवढी कळी दिसली. मी आत्याबाईंना हात धरून दाखवायला नेलं, त्यांनी बोटाने चाचपून पाहिली आणि काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवसापासून संध्याकाळी बारदाना त्याच आणून ठेवायला लागल्या.

संक्रांतीला ती ओळ फुलली, भिंतीकडची संपून गेल्यावर! हळदीकुंकवाला आलेल्या प्रत्येक बाईला मी फूल दिलं आणि बुडाशी आलेले मुळं धरलेले फुटवे ओल्या फडक्यात गुंडाळून वाण म्हणून दिले. आता गावात सात घरी माझी शेवंती आहे. त्यातल्या एका काकूंकडे दारासमोरच खांब आहे हे परवा माझ्या ध्यानात आलं, तशीच चप्पल घालून गेली आणि कुठून कुठपर्यंत बारदाना टाकायचा ते दाखवून आली.