पाचारणाला चार रेघा

पाळकपणासाठी, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचा (चर्चचा) धर्मगुरू होण्यासाठी, अर्ज करायचा म्हटलं की नाशिकच्या मंडळ्यांमधली मुलं आधी कागदांचं विचारतात. कागद सोपे आहेत. बाप्तिस्म्याचा दाखला, दृढीकरणाचा दाखला, गुणपत्रकं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, पास्टोरेट कमिटीचा (मंडळीच्या कारभारी समितीचा) ठराव आणि पाळकसाहेबांचं पत्र. शरणपूर रोडला झेरॉक्स काढून फाईल लावली की झालं. मी अडकलो अर्जाच्या तिसऱ्या पानावर. तिथे छापलं होतं, ‘आपणांस झालेल्या पाचारणाविषयी थोडक्यात लिहा’, आणि खाली चार रेघा. पाचारण म्हणजे देवाने या सेवेसाठी बोलावणं.

त्याचा राग अजून गेलेला नाही. आधीचं अख्खं पान कामगिरीसाठी: संडेस्कूल किती वर्षं शिकवलं, तरुण संघात कोणतं पद, उपदेश किती केले. कर्तृत्वाला पान आणि कृपेला चार रेघा! त्या भरून दिल्या तर अर्ज परत आला, समासात लाल शाईने शेरा: ‘पाचारण स्पष्ट नाही.’ स्पष्ट म्हणजे कसं, हे सांगायला कोणी तयार नाही. कारकुनाचं एकच पालुपद, ‘पुन्हा लिहून द्या.’ कमिटीतल्या वडीलधाऱ्यांना विचारावं, तर ‘प्रार्थना करा, सुचेल.’ प्रार्थना करतच होतो हो, पण रेघा चारच होत्या.

आता इतरांचे अर्ज वाचायची वेळ येते तेव्हा दिसतं, की बहुतेकजण दोनपैकी एक काहीतरी लिहितात. एक तर स्वप्न, दर्शन, अपघातातून वाचल्याची साक्ष. ती खरी असेलही, पण निवड समितीला ती तपासता येत नाही, आणि अपघातातून वाचलेला प्रत्येक माणूस पाळक होत नाही. नाहीतर मग आधीच्या पानावरची कामगिरीच पुन्हा उतरवतात. मग समिती रास्तच विचारते, एवढं सगळं तुम्हीच केलंत, तर यात देवाने काय केलं?

उत्तर बायबलात, प्रेषित पौलाच्या पत्रात, १ करिंथ १५:१० मध्ये आहे. ‘जो काही मी आहे तो देवाच्या कृपेने आहे’ असं म्हणून पौल थांबत नाही. त्याच वचनात तो इतरांपेक्षा जास्त श्रम केल्याचं सांगतो आणि लगेच ते श्रमही कृपेच्या खाती टाकतो. श्रम लपवायचे नाहीत आणि स्वतःच्या नावावरही लावायचे नाहीत. चार रेघा भरायच्या त्या याच क्रमाने. पहिलीत, जे स्वतःहून जमलं नसतं असं काय मिळालं. दुसरीत, ते तुमच्याआधी कोणाच्या लक्षात आलं: माणूस, मंडळी, साल. तिसरीत एकच काम, गावाच्या नावासकट. ‘खेड्यापाड्यांत सेवा’ असं मोघम नको. चौथीत, अजून काय येत नाही आणि शिक्षण कशासाठी हवं.

यातली दुसरी रेघ सगळ्यात वजनदार, आणि नेमकी तीच लोक कोरी सोडतात. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन मनातलं गुप्त पाचारण आणि मंडळीने दिलेलं उघड पाचारण असे दोन भाग करतो. पहिलं तुमचं तुम्हाला ठाऊक, दुसरं इतरांना दिसतं. अँब्रोज मिलानला रोमचा प्रांताधिकारी होता, त्याचा बाप्तिस्माही झालेला नव्हता, तरी ३७४ मध्ये लोकांनी बिशप म्हणून त्याचंच नाव घेतलं. पुढे मोठा ख्रिस्ती विचारवंत ठरलेल्या ऑगस्टीनला ३९१ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोच्या लोकांनी पाळकपदाच्या दीक्षेसाठी धरूनच पुढे नेलं, आणि तो रडत होता. दोघांनीही अर्ज केलेला नव्हता. १६६२ च्या अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या) प्रार्थनापुस्तकातल्या दीक्षाविधीतही बिशप आधी जमलेल्या लोकांना विचारतो, यांच्याविषयी कोणाला काही हरकत असेल तर पुढे येऊन सांगा. उमेदवाराचे प्रश्न त्यानंतर. डीकनला, म्हणजे पाळकपदाच्या पहिल्या पायरीवरच्या उमेदवाराला, विचारतात, पवित्र आत्म्याने तुला आतून प्रेरणा दिली आहे असा तुझा भरवसा आहे का? उत्तर एवढंच, ‘तसा माझा भरवसा आहे.’ पुरावा कोणी मागत नाही. पुढे प्रेस्बिटरच्या (पूर्ण पाळकाच्या) दीक्षेत सगळी वचनं देऊन झाली की बिशप प्रार्थना करतो: हे करण्याची इच्छा ज्या देवाने दिली तोच ते पार पाडण्याचं सामर्थ्यही देवो. इच्छाही दिलेली आणि सामर्थ्यही दिलेलं, हा मुद्दा मुलाखतीत सांगता आला पाहिजे.

मुलाखतीत एक प्रश्न ठरलेला असतो: पाळकच नालायक निघाला तर त्याने दिलेला बाप्तिस्मा चालतो का? ऑगस्टीनच्या काळातला डोनाटिस्ट हा फुटीर पंथ म्हणे, चालत नाही. ऑगस्टीनचं म्हणणं, देणारा ख्रिस्त आहे, पाळक फक्त हात. अँग्लिकनांच्या श्रद्धेच्या ३९ कलमांपैकी २६ वं कलम हेच सांगतं. पण इथे थांबू नका. त्याच कलमाचा उत्तरार्ध सांगतो, की दुराचारी सेवकाची चौकशी व्हावी आणि दोषी ठरला तर त्याला पदावरून काढावं. अर्धंच उत्तर दिलं की समितीतला एखादा हमखास खोडा घालतो.

‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे वचनही तिथे फार ऐकू येतं. २ करिंथ १२ मध्ये ते शरीरात सलणारा काटा काढून टाकावा म्हणून तीनदा विनवणी केलेल्या पौलाला दिलेलं आहे, तयारी न करता व्यासपीठावर चढणाऱ्याला नाही. उलट आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, पौल लिहितो, हात ठेवल्याने मिळालेलं कृपादान प्रज्वलित करत राहा. म्हणजे ते विझूही शकतं. शनिवारी रात्री मोबाईलवर उपदेश शोधणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

सेमिनरी (पाळकांचं महाविद्यालय), ग्रीक, परीक्षा, डीकनची मुदत, हे सगळं सरळ पार पडलं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

कागदांचं एक राहिलंच. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमधलं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अर्ज भरण्याआधी शेजारी ठेवून ताडून बघा. जुन्या नोंदींत आडनाव नसतं, कधी घरचं नाव असतं. फरक असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र करून घ्या आणि दाखल्यावर नोंदीचा क्रमांक आणि तारीख लिहून मागा. कमिटीच्या ठरावाची नक्कलही तारीख आणि सचिवांच्या सहीशिवाय घेऊ नका. ‘नंतर सही करून पाठवतो’ म्हणणारे सचिव पुढच्या निवडणुकीत बदललेले असतात.